मळ्यातलं घर: पणजीत वस्ती निवडताना

माझं काम दुपारी साडेबाराला सुरू होतं. कंपनी जर्मनीतली आहे आणि मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे करतात, की माझा दिवस एक तास पुढे सरकतो आणि रात्री साडेदहाला संपतो. ही वेळ सुरुवातीलाच सांगते, कारण पणजीत राहायला कुठली वस्ती घ्यायची हे शेवटी तिनेच ठरवलं.

पणजी का, हे ठरवायला फारसा विचार लागला नाही. सांगलीत आईबाबांच्या घरी बसून मी बरीच वर्षं काम केलं होतं. आता एकटीने राहायचं होतं, तेही घरापासून एका रात्रीच्या बसने पोचता येईल अशा जागी. पुण्याची गर्दी नको होती. पायी फिरता येईल एवढं लहान, तरी वाचनालय, बाजार, नाटक आणि चांगलं इस्पितळ हाताशी असलेलं शहर हवं होतं. मांडवीच्या दक्षिण तीरावरचं हे गाव १८४३ साली राजधानी झालं आणि राजधानी असूनही त्याचा पसारा आवरता राहिला, ही गोष्ट मला फार भावते. शहर ठरलं आणि मग वस्तीचा शोध सुरू झाला.

ऑफिसला जाणारा माणूस सकाळी नऊला घराबाहेर पडतो आणि रात्री झोपायला परततो. वस्तीतली दुपार त्याला कधी दिसतच नाही. समोरच्या घरात दोन वाजता फरशी कापण्याचं मशीन सुरू झालं तरी त्याला पत्ता नसतो. मी मात्र चोवीस तास तिथेच असणार होते. म्हणून भाडं, फर्निचर, पार्किंग यांच्या आधी मी वेळा लिहून काढल्या. सकाळी सात ते बारा हा माझा मोकळा वेळ, तेव्हा पायी जाण्याजोगं काय आहे? दुपारी साडेबारा ते पाच कामाचा आणि मीटिंगांचा गाभा, तेव्हा आवाज किती? रात्री नऊ-दहाला काम संपल्यावर अर्धा तास एकटीने रस्त्यावरून चालता येईल का? कुठलीही वस्ती या तिन्ही वेळांना स्वतः चालून पाहिल्याशिवाय घर बघायचंच नाही, हा नियम मी अगदी कडकपणे पाळला.

गेले तेही जुलैत, मुद्दाम. पणजीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत घर काही लपवू शकत नाही. कपाटामागची ओल, खिडकीच्या चौकटीतून झिरपणारं पाणी, जिन्यातला कुबट वास, गल्लीत साचणारं तळं, सगळं समोर येतं. डिसेंबरात तेच घर नुकता रंग दिलेलं, उन्हात चमकणारं दिसलं असतं. शिवाय पावसाळ्यात पर्यटक कमी असल्याने घरमालक बोलायला मोकळे असतात. त्याची दुसरी बाजूही लवकरच कळली. काही जण पहिल्याच वाक्यात विचारत, "ऑक्टोबरपर्यंत हवंय ना?" ऑक्टोबरनंतर तीच खोली दिवसाच्या भावाने पर्यटकांना जाते. ज्याच्या तोंडून हा प्रश्न आला त्याचं घर कितीही सुंदर असलं तरी मी पुढे बोलणं थांबवलं. अकरा महिन्यांचा करार करणारा मालकच हवा होता.

सुरुवात फोंतेन्हास या जुन्या वस्तीपासून केली, आणि मनापासून सांगते, ते मला हवंच होतं. आल्तिनोची टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्यामधल्या त्या अरुंद गल्ल्या, पिवळी, निळी, तांबडी घरं, लाकडी सज्जे, सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल. त्या चॅपेलमधला क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे असलेला आहे. तो पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. सकाळी सातला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत गेला, एका सज्जातून टोपली खाली आली आणि उंडे (गोल पाव) घेऊन वर गेली. मी तिथेच घर घ्यायच्या तयारीत होते. मग अकरा वाजले. एक जोडपं लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलं, सोबत छायाचित्रकार आणि रिफ्लेक्टर धरणारा मुलगा. त्यांच्यामागे रील करणाऱ्या मुली आल्या. नंतर गाइडसोबत एक मोठा गट आला. भर जुलैत हे चित्र. कितीतरी घरांच्या दारांवर फोटो काढू नका, पायऱ्यांवर बसू नका, अशा पाट्या आहेत. त्या वाचल्यावर मला तिथल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल खरोखर वाईट वाटलं. स्वतःच्या ओट्यावर बसायला त्यांना आता वेळ बघावी लागते. तळमजल्याच्या ज्या खोलीत मी टेबल मांडणार होते, तिची खिडकी थेट रस्त्यावर उघडत होती. खिडकी लावून घ्यावी तर चिऱ्यांच्या जाड भिंतींच्या आत मोबाइलचं सिग्नल एका रेघेवर येत होतं. जांभ्याच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, पण सिग्नलही अडवतात. जुन्या घरात वायफायचा राउटर ज्या खोलीत, त्याच खोलीत काम, हे गृहीत धरावं लागतं.

आल्तिनो टेकडीवर झाडी आहे, आकाशवाणी आहे, आर्चबिशपांचा वाडा आहे, आणि शांतता तर इतकी की हेडफोन लावायची गरज नाही. पण दूध आणायचं तरी उतार उतरून खाली यायचं आणि परत चढायचं. रात्री तिथे माणूस दिसत नाही. गाडी असलेल्या कुटुंबाला ती जागा उत्तम आहे, माझ्यासाठी नव्हती.

मिरामार आणि कांपालला सकाळची वेळ अप्रतिम. नदी समुद्राला मिळते तिथे सहा वाजता चालायला जाणं, कला अकादमीच्या आवारात संध्याकाळी एखादा कार्यक्रम. ही इमारत चार्ल्स कोरियांनी योजलेली, नदीकडे मोकळी. पण भाडी माझ्या हिशेबाबाहेर होती. आणि बांदोडकर मार्गावर रात्री कॅसिनोंकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ सुरू होते ती माझं काम संपायच्या वेळेलाच. कार्निव्हल आणि शिगमोच्या मिरवणुकींच्या दिवसांत रस्ते बंद होतात, नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची गर्दी असते. हे सगळं बघायला मला आवडतं. राहायला पंधरा मिनिटं लांब असलेलं बरं.

पर्वरीत फ्लॅट भरपूर, नवे आणि स्वस्तही. तिथल्या महामार्गावर उड्डाणमार्गाचं काम चालू होतं, खाली चिखल आणि वर यंत्रं. पणजीत यायला मांडवी ओलांडावी लागणार, म्हणजे रोजच्या सकाळी मी पूल ओलांडण्यात घालवणार. अर्ध्या दिवसात तो विषय मिटला.

रायबंदरने मात्र मला बरेच दिवस धरून ठेवलं. पणजीहून तिकडे जाणारा रस्ता म्हणजे १६३३-३४ मध्ये पोर्तुगिजांनी बांधलेला पोंत द लिन्यारिश, खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या सखल जमिनीच्या, पाण्यातून जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांध. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि पावसाळ्यात त्यांच्यावर भरलेलं पाणी, पांढरे बगळे. गावात जुनी मोठी घरं, समोर नदी. फेरीबोटीत बसलं की पलीकडे चोडण बेट, तिथे डॉ. सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आणि तिवरांचं जंगल. सकाळचे पाच तास मोकळे असणाऱ्या माणसासाठी याहून चांगली जागा कुठे मिळणार? घरही मिळालं होतं, वरचा मजला, नदीकडे तोंड, मालक सभ्य. मी रात्री साडेनऊला पणजीच्या बसस्थानकावर उभी राहून रायबंदरला कसं जाता येतं ते पाहिलं. बसेस आठनंतरच विरळ झाल्या होत्या. गोव्यात ओला-उबर नाही. रिक्षावाल्याने सांगितलेला दर रोज देण्यासारखा नव्हता. पायलट म्हणजे भाड्याची मोटारसायकल, पिवळ्या मडगार्डची. दिवसा तिच्यासारखी सोय नाही, पण त्या वेळी तीही सापडेना. स्कूटर घेतली असती तर हा प्रश्न सुटला असता, पण पावसात त्या उघड्या बांधावरून रात्री एकटीने स्कूटर चालवायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. त्यात गल्लीच्या टोकावरच्या दुकानदाराने सांगितलं की त्या बाजूला एकच केबलवाला आहे आणि माडाची झावळी तारेवर पडली की दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघावी लागते. ते घर सोडताना जीव हळहळला. अजूनही तिथे रविवारी जाते.

दुकानदाराचा उल्लेख आला म्हणून सांगते, वस्तीची खरी माहिती दलालाकडे नसते. "नेट कसं आहे?" असं विचारलं की दलाल "एकदम फास्ट" म्हणतो. किराणा दुकानदाराला विचारावं, "तुमचं कार्ड मशीन कधी बंद पडतं?" त्याचं उत्तर धंद्याच्या अनुभवातून येतं. लाईट किती वेळ जाते हे बर्फ आणि दूध विकणाऱ्याला विचारावं. पाण्याचं वरच्या मजल्यावरच्या बाईला. पणजीला पाणी येतं ते ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून, खांडेपार नदीवरून. तिथली मोठी वाहिनी फुटली की सगळं शहर कोरडं होतं, त्यामुळे घरावर टाकी आहे का आणि ती किती दिवस पुरते, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला.

ताळगावमध्ये इंटरनेटच्या बाबतीत सगळं उत्तम निघालं. नव्या इमारती, दोन-दोन कंपन्यांचं फायबर, लिफ्टला जनरेटर, खिडकीतून अजून शिल्लक असलेली भातशेतं. ऑगस्टच्या २१ तारखेला तिथे कोणसाचं फेस्त असतं, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. पण इमारत आणि इमारत यांच्यामध्ये पायी जाण्यासारखं मला काही सापडलं नाही. भाजी, वाचनालय, बसस्थानक, सगळ्याला गाडी. सांतिनेजमध्ये उलट सगळं पायाशी होतं: औषधाचं दुकान, चपात्या विकणारी बाई, शिवणकाम करणारा, बाजार दहा मिनिटांवर. मी शोधाच्या दिवसांत तिथेच आठवड्याच्या बोलीवर खोली घेऊन राहिले होते. ओहोटीला नाल्याचा वास येतो आणि रस्त्याकडच्या खोल्यांत हॉर्न थांबत नाहीत. मागच्या गल्लीत जागा मिळाली असती तर मी तिथेच राहिले असते, हे नक्की.

मळा या वस्तीचं नाव मला सांतिनेजच्या त्या चपातीवाल्या मावशींनी सुचवलं. फोंतेन्हासच्या पलीकडेच, आल्तिनोच्या पायथ्याशी. छायाचित्रकार फोंतेन्हासमध्ये थांबतात, इथवर सहसा येत नाहीत. वर मारुतीगडावर मारुतीचं देऊळ, खाली साधी घरं, अंगणात तुळस किंवा क्रूस, कुठे दोन्ही शेजारी शेजारी. मी आधी सकाळी गेले. पोदेर इथेही येतो. खाडीवरचा छोटा पूल ओलांडला की पाटो, आणि पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. हे ग्रंथालय १८३२ साली सुरू झालं आणि आज त्याला सोळाव्या शतकात कृष्णचरित्रकथा लिहिणाऱ्या कवीचं नाव आहे. तिथे मराठी पुस्तकांची कपाटं पाहून मी तास-दीड तास उभीच होते. सकाळच्या मोकळ्या वेळेचा प्रश्न तिथेच सुटला. सांगलीकडे जायची बस मिळते ते कदंब स्थानकही तिथून चालत अंतरावर.

मग दुपारी गेले, आणि ही दुपार मला पणजीने दिलेली सर्वात मोठी सोय वाटते. एक वाजला की दुकानांची शटरं खाली येतात. चारपर्यंत लोक जेवून आडवे होतात. गल्लीत भांड्यांचासुद्धा आवाज नाही. जर्मनीत तेव्हा सकाळ असते, टीमची रोजची मीटिंग, ग्राहकांचे कॉल, सगळं त्याच तीन तासांत. फोंतेन्हासमध्येही रहिवासी झोपतात, पण पर्यटक झोपत नाहीत. मळ्यात गल्लीच झोपते. माझ्या कामाच्या तासांचा आणि वामकुक्षीचा असा मेळ बसेल हे कुठल्याही भाड्याच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

रात्री दहाला पुन्हा गेले. दोन ओट्यांवर बायका बोलत बसल्या होत्या, एका घरात टीव्हीवर मालिका, कोपऱ्यावरचा गाडा आवरत होता. मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. एका काकींनी विचारलं, कोणाकडे आलीस? घर शोधतेय म्हटल्यावर त्यांनीच मला त्यांच्या चुलत जावेकडे पाठवलं. जिथे रात्री दहाला अनोळखी बाईला कोणीतरी हाक मारून विचारतं, तिथे मला सुरक्षित वाटतं. काहींना ही चौकशी नको असते, हे मला समजतं.

मळ्याचा दोष मोठा आहे आणि तो कोणी लपवलाही नाही. भाग सखल आहे. टेकडीवरून उतरणारं पाणी आणि भरतीच्या वेळी तुंबणारी खाडी, दोन्ही एकदम आली की गल्लीत पाणी भरतं. जी जागा पाहिली ती पहिल्या मजल्याची होती. घरमालकीण काकी कोंकणीत म्हणाल्या, "पावसांत सकयल उदक येता, वयर कांयच ना." म्हणजे पावसात खाली पाणी येतं, वर काहीच नाही. मी मराठीत विचारलं की विजेचा मीटर कुठे आहे. मीटर जिन्यात, छातीच्या उंचीवर होता. भिंतीवर आधीच्या पुराची रेघ होती, गुडघ्याच्या खाली. ते बघून मी हो म्हणायच्या जवळ आले.

हो म्हणण्याआधी एक परवानगी मागितली: दिवसभर त्या खोलीत बसून काम करायची. काकींना नवल वाटलं, पण त्यांनी खुर्ची दिली. लॅपटॉप, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, हेडफोन घेऊन मी बसले. दुपारी तीनला खरी मीटिंग केली. रात्री नऊला पुन्हा वेग तपासला, कारण त्या वेळी सगळी गल्ली मालिका आणि क्रिकेट बघत असते, फायबरची खरी परीक्षा तेव्हाच होते. सहकाऱ्याला मुद्दाम विचारलं, माझ्या मागे काय ऐकू येतंय? तो म्हणाला, पाऊस. टेबल खिडकीला लावलं तर संध्याकाळचं ऊन पडद्यावर येईल का, हे जुलैत कळणार नव्हतं, म्हणून फोनमधल्या होकायंत्राने दिशा पाहिली. खिडकी पूर्वेला निघाली. कपाट सरकवून मागची भिंत हाताने चाचपली. कोपऱ्यात ओल होती, तिथे काही ठेवायचं नाही असं ठरवलं.

करार अकरा महिन्यांचा झाला. भाडेकरूची पोलीस पडताळणी गोव्यात बंधनकारक आहे. काकींच्या मुलाने अर्ज भरला, मी आधार कार्ड आणि कंपनीचं पत्र दिलं. पत्रात "घरून काम" असं स्पष्ट लिहून घेतलं होतं, कारण दिवसभर घरात बसणारी मुलगी नेमकं काय करते, हा प्रश्न शेजारी विचारणार आणि काकींना उत्तर द्यावं लागणार. करारात दोन गोष्टी माझ्या आग्रहाने आल्या. इन्व्हर्टर मी बसवणार आणि जाताना घेऊन जाणार, आणि फायबरची तार भिंतीला भोक पाडून आत आणायला मालकांची परवानगी आहे. दुसरी अट अनेक जण विसरतात. मग तार दारातून येते, दार नीट लागत नाही, आणि कुरबूर सुरू होते. राउटरसाठी मी वेगळा छोटा यूपीएस घेतला. लाईट गेली तरी इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात कॉल तुटत नाही.

राहायला लागल्यावर जे आधी दिसलं नव्हतं तेही दिसलं. खाडीमुळे डास फार, जाळ्या बसवाव्या लागल्या. मारुतीरायाच्या जत्रेच्या दिवसांत गल्ली खेळण्यांच्या आणि खाजाच्या दुकानांनी भरते, लाउडस्पीकर रात्रीपर्यंत असतो. त्या दिवसांची मी रजा टाकते आणि काकींसोबत देवळात जाते. ऑगस्टच्या दमट हवेत लॅपटॉपच्या बॅगेवर बुरशी आली, तेव्हापासून कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवते, तशी युक्ती इथे घरोघरी आहे. आठ डिसेंबरच्या फेस्ताला चर्चसमोरून जिलेबी घेऊन आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

परवा कोल्हापूरची एक मैत्रीण फोनवर विचारत होती. तीही घरून काम करते, पण तिची कंपनी बंगळुरूची, वेळ सकाळी नऊ ते सहा, मुलगी दुसरीत, नवऱ्याची गाडी आहे. तिला मळा बघायचा होता, माझ्या फोटोंमुळे. मी तिला ताळगावला जा म्हटलं. तिच्या मोकळ्या वेळा सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर आहेत, तेव्हा मुलीला खेळायला जागा हवी, आणि दुपारची शांतता तिथे बंद काचांच्या आतही मिळते. फक्त एक सांगितलं: जुलैत ये, आणि मुलगी शाळेतून सुटेल त्या वेळेला त्या रस्त्यावर जाऊन उभी राहा. तिने तिकिटं काढली आहेत. येते आहे तेव्हा माझ्याकडेच उतरेल.